घरचे दोन अर्धे

शाळेच्या कचेरीबाहेर माझ्या शेजारी एक म्हातारे सुतार नि त्यांची सून बसली होती. तिच्या मांडीवर लाकडी ठोकळ्यांची पिशवी होती.

“चिमीला खालच्या वर्गात बसवणार म्हणे, मामंजी. दोन अर्धे मिळून एक होतो, हेच तिला पटत नाही. ‘आमच्या घरी होत नाही,’ म्हणाली बाईंना! हट्टी, अगदी तुमच्यासारखी.”

“माझ्या ठोकळ्यांवर शिकलेली पोर? काढ ते दोन अर्धे. अख्ख्याला लावून ठेव. आता टोकावरून बोट फिरव.”

“अगंबाई, तोकडे पडतात की!”

“अख्ख्याएवढाच ठोकळा मधोमध कापला मी. करवतीनं भुसा केला, तेवढं लाकूड गेलं. चूक माझी, पोर बरोबर.”

“बाईंना हे कसं सांगायचं?”

“सांगायचं कशाला? त्यांचंही बोट फिरवू. ऊठ, बोलावलंय.”