पंपाची माती

चहा राहू दे, आधी हे ऐका. सांडोरला आमच्या वाडीशेजारचा पेट्रोल पंप कधीच बंद पडला, पण जमिनीखालची टाकी गळतच होती. विहिरीच्या पाण्याला पेट्रोलचा वास! अर्ज करकरून थकलो, तेव्हा कुठे कंत्राटदार आला. त्याने टाकी उपसली, घाण माती ट्रक भरभरून नेली. मी मूर्ख, त्याला शहाळं पाजलं!

आठवड्याने वाडीमागे गेलो, तर तोच वास. ज्या बावखलाचं, म्हणजे आमच्या जुन्या तळ्याचं, पाणी झिरपून विहिरीत येतं, तेच माझा चुलतभाऊ बुजवत होता.

"भराव फुकट मिळाला रे," म्हणाला.

मी कंत्राटदाराला फोनवर झापला, "लाज वाटते का? तीच माती परत इथे टाकलीस!"

तो थंडपणे म्हणाला, "साहेब, तुमची तक्रार पंपाच्या जागेची होती. ती साफ झाली ना?"