मशीनमध्ये सगळेच आत

तुम्ही म्हणता ना, कंपनीकडे प्रत्येकाचा डेटा असतो, मग काळजी कसली? मग हे ऐका.

बोईसरच्या एका केमिकल कारखान्यात मी हजेरीचं काम बघतो. एका सकाळी गॅसगळतीचा भोंगा वाजला आणि सगळे बाहेरच्या मैदानात धावले. फायर ऑफिसरने मलाच गाठलं, "आत कोण राहिलंय? लवकर सांगा."

मी मोबाईलवर गेटच्या मशीनची नोंद उघडली, तर सगळेच्या सगळे आत! जीव मुठीत धरून पळताना मशीनवर बोट टेकवायला कोण थांबणार?

मग ठेकेदाराची यादी घेतली आणि ओरडून एकेक नाव पुकारू लागलो. सगळ्यांनी ओ दिली. पाम गावच्या वनिताताईंची तेवढी आली नाही.

"मगाशी माज्या बाजूलाच व्हती ती," म्हणत त्यांची मैत्रीण रडायला लागली.

दोघे जण मास्क चढवून आत निघाले. इतक्यात कुंपणाला वळसा घालून वनिताताई धापा टाकत येताना दिसल्या. त्या मागच्या गेटने पळाल्या होत्या. "थांबा, आत जाऊ नका!" असं मास्कवाल्यांना ओरडून मी मटकन खालीच बसलो.

वनिताताई माझ्याजवळ आल्या. चेहरा पांढराफटक. मला वाटलं, पाणी मागतील.

"सायेब," त्या हळूच म्हणाल्या, "भायेर पडताना बोट लावायचं राहिलं. आजचा खाडा तर नाय ना पडायचा?"