ओस्टापनं टाकलेला पाइप

—तोच नळ, स्वयंपाकघरातला. नमुना घ्यायच्या आधी पाच मिनिटं पाणी वाहू द्यायचं ना? ठाऊक आहे मला, गेल्या खेपेचा तो दाढीवालाही असाच घड्याळ बघत उभा होता. बस तोवर. अगं बस, खुर्ची चावत नाही. घरात मी एकटीच—आणि बाहेर रस्त्याखाली तो पाइप, अ‍ॅस्बेस्टॉस मिसळलेल्या सिमेंटचा. माझ्या नवऱ्यानं टाकलेला, ओस्टापनं. सत्तावीस वर्षं गावच्या पाणीखात्यात होता. उणे तीस अंशांच्या थंडीत खड्ड्यात उतरायचा, करवतीनं पाइप कापायचा—पांढरा धुरळा नुसता, भुवयांवर, मिशांवर. कपडे मी अंगणात झटकायची. तोंडाला फडकं? कुणी सांगितलं होतं तेव्हा!

त्या धुरळ्यानंच त्याची छाती खाल्ली. त्यात वाद नाही, डॉक्टरांनी लिहून दिलं. पण पाण्याचं? पाण्याचं कुणी छातीठोक सांगत नाही बघ. पोटात गेलं तर काही म्हणतात निघून जातं, काही म्हणतात आतड्याला भोवत असेल, अजून नक्की नाही. तूही खांदेच उडवणार—उडवलेस ना? आणि किती चालतं हे सरकारनं ठरवलेलंच नाही, मग तुझ्या तपासणीच्या कागदावरचा आकडा मी कशाशी लावून बघू?

तरी कागद मला हवाय. दारकासाठी. माझी मुलगी, सस्काटून शहरात असते, इथून दोन तासांवर. दोन वर्षांपूर्वी ईस्टरला आली ती गाडीत पाण्याचे कॅन घालून. माझ्या घरी! नात, सोल्या, नळाला पेला लावायला गेली तर दारकानं तो हिसकावून घेतला. मग मी बोलले. काय नाही बोलले! म्हटलं, हेच पाणी पिऊन तू घोड्याएवढी झालीस, आज त्याचं विष झालं? गावसभेत लोक या पाइपावरून ओरडत होते तेव्हा तुझ्या बापानं सगळ्यांसमोर भरला जग तोंडाला लावला होता, घटाघटा—त्याला खोटं पाडतेस? तिनं पोरीला कोट चढवला, सणाचा पाव कापायच्या आधीच निघून गेली. आता फोन येतो, तोही फक्त नाताळला.

झाली पाच मिनिटं. भर, भर. काठोकाठ नको—बघ, सगळं येतं मला. चौथी खेप ना ही. आधीचे तिन्ही कागद खणात आहेत. नाही, पाठवले नाहीत. काय पाठवू? तिन्हींवर ‘अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू आढळले’ असंच आहे. एकदा कमी, एकदा जास्त.

आणि खरं सांगू?—इस्पितळात शेवटी ओस्टापला एका वाक्याला दहा मिनिटं लागायची. त्यानं वाक्य कुठलं काढावं? ‘दारकाला मूल झालं तर आपलं पाणी देऊ नकोस.’ बस. त्या सभेवरून आला तेव्हाही अंगणात घशात बोटं घालून ओकत होता, मी खिडकीतून पाहिलं होतं. त्याला तरी काय ठाऊक होतं? भीतीच ती. पण दारका समोर उभी होती, मला एवढंच म्हणायचं होतं—तुझा बापही हेच म्हणाला गं. नाही आलं तोंडातून. सगळं गाव त्याच्या नावानं बोटं मोडत होतं, त्याची बाजू घ्यायला माझ्याशिवाय होतं कोण?

अशी बघू नकोस. भरली ना बाटली? मग निघ. रस्त्यावर बर्फ आहे, हळू चालव. नाही, काही बोलू नकोस—जा म्हटलं ना. जा.