दाणी सरांची डिरेक्टरी

त्या वर्षी, म्हणजे अठ्ठ्याण्णव साली, नगरच्या स्टँडवर शेवगावची गाडी कधीच वेळेवर लागत नसे. रांगेत आक्काबाई नावाच्या एका प्रवासी बाईंच्या मागे कॉलेजातल्या एक मॅडम आणि कॉम्प्युटर लॅब सांभाळणारा सम्राट उभे होते.

"सम्राट, उद्या परीक्षा. कंपायलर बंद राहिला, तर पोरांचा एकही प्रोग्रॅम चालायचा नाही आणि तुझी नोकरी जाईल."

"चालू झालाय, मॅडम."

"बिघडलं काय होतं?"

"दाणी सरांनी त्यो सोताच्या डिरेक्टरीत, म्हंजे मशीनवरच्या त्यांच्या फायलींच्या कप्प्यात बसवल्ता. सर वारले, मी डिरेक्टरी पुसली. कंपायलरला लागनाऱ्या तयार फायली, त्या लायब्रऱ्या, तिच्यातच हुत्या. कंपायलर जुन्या पत्त्यावर शोधायचा आन् अडायचा."

"मग नवा पत्ता द्यायचा."

"दिला. जपून ठेवलेल्या बॅकअपच्या टेपवरून लायब्रऱ्या दुसरीकडं उतरवल्या. चालला. सकाळी बघतो तर परत सरांचाच पत्ता."

"कुणीतरी चेष्टा केली असेल."

"तीनदा? किल्ली माज्याकडं, पासवर्ड माज्याकडं."

"मग?"

"म्हनलं, ऱ्हाऊ द्या सरांचाच. त्यांच्या नावाची डिरेक्टरी करायला गेलो, तर मशीन म्हनलं, आधीच हाय."

"तूच करून विसरला असशील."

"आत समद्या लायब्रऱ्या हुत्या. तारीख आजची. मालक म्हनून सरांचं नाव."

"त्यांचं खातं बंद केलंस ना?"

"दिवाळीतच."

"उद्या परीक्षा झाली की पुसून टाक ते सगळं."

"मी न्हाई पुसनार. एकदा पुसली तर नोकरी जायची येळ आली. ती वाचवली कुनी, तुमीच सांगा."

गाडी लागली, तेव्हा सगळं ऐकलेल्या आक्काबाईंनी बाजूला सरून त्या दोघांना आधी चढू दिलं.