ब्रह्म्याचे आसन

तपासणीची वाट पाहणाऱ्या नरहरपंतांच्या हातातले पुस्तक उघडेच राहिले. काशीच्या त्या रुग्णालयात शेजारच्या बाकावर मराठी चालले होते. वेदपाठशाळेचे ढुंढिराजशास्त्री, त्यांची पत्नी इंदू आणि संशोधक पुतणी देवश्री.

“काका, जनुक शाबूत असतं. गाठ वाढू देऊ नका, असा निरोपही ते धाडतं. पण पेशीतले हे इवलेसे आरएनए रेणू फार झाले, की निरोप वाटेतच दाबतात.”

“स्वतः काय घडवतात?”

“प्रथिन एकही नाही.”

“म्हणजे यज्ञातला ब्रह्मा, देखरेख करणारा ऋत्विज! आहुती टाकत नाही, मंत्र म्हणत नाही, मौन बसून सगळ्यांवर अंकुश. आमच्याकडे हे होतंच!”

“अहो, मला जरा...”

“थांब इंदू, शास्त्र चाललंय.”

“काकू, काय म्हणत होतीस?”

“तिला पाणी हवं असेल.”

एवढ्यात परिचारिका कागद घेऊन आली.

“इंदू जी? गाँठ कब से है?”

“पंद्रह दिन से,” शास्त्रीबुवा म्हणाले.

“दो साल से,” इंदू उठल्या.

“दोन वर्षं? अगं, पण मला...”

“ब्रह्मा मौन बसतो ना? बसा तसेच. देवश्री, तू चल.”