माणसाचा हात लागलेलं अन्न

...आणि वर मलाच विचारतात, "ब्रेड दाबून बघितलास का?" अहो, मी ब्रेड खायला आणलाय, मालिश करायला नाही. पण तुम्हाला सांगतो, इकडे अमेरिकेत, आमच्या एडिसनमध्ये प्रल्हादरावांच्या घरी पिशवी घेऊन गेलं की आधी तिची झडती व्हायची. माणूस तसा भला, ट्रेननं नूअर्कला जायचा, दिवसभर पुलांची ड्रॉइंग्ज काढायचा, पण चौऱ्याऐंशी साली डॉक्टर म्हणाला कोलेस्टेरॉल वाढलंय, आणि हे हबकले. वडील हार्टनंच गेलेले, पन्नाशीच्या आत, तेव्हा भीती खरी होती, मी नाही म्हणत नाही. पण भीती वाटली की माणूस देवाचं नाव घेतो ना? यांनी नियम काढले.

पहिला नियम, दाबल्यावर परत फुगतं ते अन्न नव्हे. झालं, ब्रेड बंद. तर मुलगी सीमा, इथेच जन्मलेली, पुस्तकातून मान वर न करता म्हणते, "डॅड, इडली ऑल्सो." मग दुसरा नियम, गराजमध्ये महिनाभर ठेवून जे नासत नाही ते अन्न नव्हे. त्यात डब्यातलं सूप गेलं, चीजच्या चकत्या गेल्या, आणि नाशिकहून आलेलं कैरीचं लोणचंही जायला निघालं, तेव्हा शरयूवहिनींनी बरणी उचलून मुकाट्यानं कपाटात ठेवली. मग बरेच दिवस डोकं खाजवून प्रल्हादरावांनी शेवटचा नियम काढला, तो मात्र एकदम पक्का. माणसाचा हात लागला पाहिजे. मशीनमधून पडलं ते प्रोसेस्ड, हातातून आलं ते अन्न.

आता माणसाचा हात म्हणजे कुणाचा हो? सांगा ना. घरात माणसं तीन, सीमा अभ्यासात, हे नियमात, उरलं कोण? कणीक हातानं, दही घरचं, दाण्याचं कूटसुद्धा मिक्सरमधलं नको, खलबत्त्यातलं हवं... का, तर हात लागला पाहिजे. आणि गंमत म्हणजे, गंमत कसली डोंबलाची, वहिनी नोकरी कुठे करायच्या? फ्रोझन जेवणाच्या फॅक्टरीत. पट्ट्यावरून खणाखणांचा ट्रे येणार, एका बाईनं त्यात कोंबडीचा तुकडा ठेवायचा, दुसरीनं बटाट्याचा लगदा, वहिनींच्या वाट्याला मटार, मूठभर टाकायचे, बोटांनी सपाट करायचे, की पुढचा ट्रे हजर. दिवसभर हे, आणि घरी येऊन कोट काढला की कणीक.

हात दुखतात असं त्यांनी सांगितलं नाही असं नाही हं. सांगितलं. प्रल्हादराव म्हणाले, "थंडीनं असेल, हातमोजे घाल." पण पोळी जाड व्हायला लागली ती मात्र यांना बरोबर कळली. "आज जरा जाड झालीय का गं?" मी समोरच जेवत होतो यार, वहिनी तव्याकडे तोंड करून उभ्या होत्या, त्या वळल्याच नाहीत.

मग एका रविवारी आमटीचं पातेलं त्यांच्या हातातून सुटलं. आपण काही धरलंय हे बोटांना कळलंच नव्हतं. डॉक्टरनं मनगटं बघितली, म्हणाला नस दबलीय, फार उशीर केलात, आता फॅक्टरी नाहीतर स्वयंपाक, दोन्ही जमणार नाही. घराचा हप्ता दोघांच्या पगारावर, मग काय सुटणार ते उघडच होतं. प्रल्हादराव स्वतः कणीक मळायला उभे राहिले. पहिल्या दिवशी खळ झाली, दुसऱ्या दिवशी वीट. शेवटी वहिनी फॅक्टरीतून कोपरे चेपलेले ट्रे घेऊन आल्या, कामावरच्या बायकांना वाटून टाकतात ते.

टेबलावर ट्रे, आणि हे बघत बसलेले. हळूच विचारतात, "शरयू, हे मटार... तुझेच का गं?"

"सपाट आहेत ना? मग माझेच. शेजारच्या पट्ट्यावरची नंदा भसाभस टाकते."

"म्हणजे हात लागलाय."

"लागलाय," वहिनी म्हणाल्या, आवाजसुद्धा चढवला नाही. "इतकी वर्षं लागत होता. तो हात माझा होता हो."

प्रल्हादरावांना इतकी लाज वाटली, की टेबलावरून हात पुढे करून त्यांनी वहिनींची बोटं घट्ट धरली. वहिनी सीमाकडे बघत जेवत राहिल्या. मग खाली लक्ष गेलं तेव्हा म्हणाल्या, "धरलेत होय? मला कळलं नाही."

ख्रिसमसनंतर फॅक्टरीनं वहिनींना घरी बसवलं. मटार टाकायला मशीन आलं, न दुखणारं. वहिनींच्या बोटांत आता कणीक मळण्यापुरतंही बळ नाही, म्हणून ट्रे दुकानातून विकत येतात. परवा मी गेलो तर तेच जेवण चाललं होतं. न राहवून म्हटलं, "काय हो, मशीनचे मटार? नियमाचं काय झालं?"

प्रल्हादरावांनी वहिनींचा ट्रे पुढे ओढला, ढिगानं पडलेले मटार बोटांनी हळूहळू सपाट केले, अगदी त्या करायच्या तसे, आणि चमचा भरून त्यांच्या तोंडाशी धरला. "हं. लागला हात. जेव आता."

मटार, तुम्हाला सांगतो, तोवर पार गार झाले होते. पण नियमात बसत होते.