केशरी पक्षिणीचा भाऊ

पक्ष्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक आजोबा मांडीवर पिंजरा घेऊन बसले होते. सोबत कॉलेजातली नात.

आजोबा पिंजऱ्यातल्या पक्षिणीकडे बोट दाखवत मला म्हणाले, "हिचा बाप दुसऱ्याच जातीचा, रानातला लाल पक्षी, आई पिवळी कॅनरी, ही केशरी! तीन नवरे करून दिले, तरी एक पिल्लू नाही. नवरेच कुचकामी!"

नात म्हणाली, "त्यांना कशाला बोल लावता, आजोबा? पक्ष्यांत नराची लिंगगुणसूत्रं सारखी, मादीची वेगवेगळी. दोन प्रजातींचा संकर झाला की ज्यांची वेगवेगळी, त्या लेकीच आधी वांझ निघतात. प्रजाती दुरावतात त्या अशाच."

"मग माझा केशरी वंश बुडाला?"

"हिचा भाऊ आहे ना?"

"तो? दिवसभर नुसता गातो."

"त्याला होऊ शकतात की पिल्लं!"

"अगं, आधी नाही का सांगायचं? ऊठ!"

"आणि डॉक्टर?"

"डॉक्टर कशाला? मुलगी बघायला जायचंय!"